पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या खिडक्यांचं बीडिंग बदलायचंय, सुरुवात कुठून करू?

उघडं_छप्पर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ वाली, डोळे उघडझाप करणारे दिवे असलेली. इंजिन एकदम ठणठणीत आहे, बॉडीही बरी आहे, पण खिडक्यांचं रबर पार गेलंय. काचेच्या बाहेरच्या बाजूला दरवाजाच्या कडेवर जी लांब पट्टी असते ती कडक होऊन भेगाळलीये, काच खालीवर करताना करकर आवाज येतो आणि आता काचेवर उभे बारीक ओरखडे दिसायला लागलेत. वर हूडच्या, म्हणजे दुमडणाऱ्या कापडी छपराच्या, दांड्यांवरचं रबर दाबून दाबून चपटं झालंय, बोटाने दाबलं तर परत वर येत नाही. जोराचा पाऊस झाला की सीटच्या मागचं कार्पेट ओलं होतं, आणि हायवेला वेग वाढला की ड्रायव्हरच्या कानाशी शिट्टी वाजते.

मनात असं आहे की सगळा सेट एकदमच मागवायचा, दोन्ही बाजूंचा, आणि एका सुट्टीत बसवून टाकायचा. पण ओरिजिनल घ्यायचा की दुसऱ्या कंपनीचा, चिकटवायला काय वापरायचं, दरवाजाचं आतलं पॅड (आतलं आवरण) काढावंच लागतं का, हे नीट कळत नाहीये. कोणी स्वतःच्या हाताने केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज. ही गाडी मला पुढची बरीच वर्षं चालवायची आहे, त्यामुळे घाई नाही, पण नीट व्हायला हवं.

पाना_नंबर_दहा

दादा, रबर बदलायला झालंय हे तुम्ही लिहिलंय त्यावरून उघड आहे, त्यात वाद नाही. पण सीटच्या मागचं कार्पेट ओलं होतंय ना, ते मला खिडकीचं दुखणं वाटतच नाही. ह्या गाडीत हूडच्या मागच्या कडेला आतून एक प्लास्टिकची पन्हळ असते, काचेवरून आणि कापडावरून आलेलं पाणी ती झेलते आणि दोन्ही बाजूंना सीटबेल्टच्या खांबाच्या मागे जी भोकं आहेत तिथे सोडते, तिथून नळीवाटे ते मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली पडतं. ती भोकं पालापाचोळा आणि मातीने तुंबतात, मग पाणी भरतं आणि आत सांडतं. खिडकीचं कितीही महाग रबर घातलं तरी हे पाणी थांबणार नाही. आणि हे नुसतं कार्पेटपुरतं नाही बरं का, तुंबलेलं पाणी खालच्या सिलमध्ये (दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात) शिरतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग आतून गंजतो, ह्या मॉडेलचं ते सगळ्यात मोठं दुखणं आहे, बाहेरून रंगाला फुगा दिसेपर्यंत आतलं बरंच काम उरकलेलं असतं.

तर आधी ते साफ करा. टोकदार तार घालू नका, नळी फाटली की पाणी थेट बॉडीत, मऊ आणि बोथट काहीतरी घाला, गवत कापायच्या स्ट्रिमरची जाड नायलॉन दोरी चालते. मग वरून हळू पाणी ओता आणि खाली पडतंय का बघा, दोन्ही बाजूंना सारखं पडलं पाहिजे.

त्यानंतर पाण्याची टेस्ट. आत एकाला टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून साधा पाइप, तोंडाला नोझल नको, प्रेशर वॉशर तर अजिबातच नको कारण त्याच्याने नव्या गाडीतही पाणी जाईल. खालून सुरुवात करायची आणि वर चढायचं. आधी दरवाजाची कड, मग काचेची मागची बाजू, मग पुढच्या काचेचा खांब, सगळ्यात शेवटी वरची आडवी पट्टी जिथे हूड लॉक होतं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कधीच कळत नाही. हे केल्याशिवाय पार्टची ऑर्डर देऊ नका.

उघडं_छप्पर

बापरे, त्या भोकांचं मला माहीतच नव्हतं. आजच गाडीखाली शिरून बघतो. पण शिट्टी आणि करकर ती तरी रबराचीच ना?

पाना_नंबर_दहा

करकर हो, शंभर टक्के. शिट्टी मात्र अर्धी रबराची, अर्धी काचेची. ह्या काचेला वर फ्रेम नाही, ती मोकळी उभी असते आणि वेग वाढला की बाहेरचा हवेचा दाब कमी होऊन काच बाहेर ओढली जाते. म्हणून तुमची शिट्टी हायवेलाच वाजते, गल्लीत वाजत नाही. काच आतल्या बाजूला थोडी झुकलेली असेल तर ती रबराला दाबून धरते, सरळ उभी असेल तर नवं रबरही तिला धरू शकत नाही. त्यामुळे आधी काच सेट करा, मग रबर.

रबराची_माया

इथे मी थोडी असहमत आहे. काच आधी सेट करायची म्हणताय, पण कशाच्या आधारावर? जुनं रबर चपटं झालंय असं त्यांनीच लिहिलंय. त्या चपट्या रबराला टेकेल एवढी काच आत झुकवली आणि मग त्यावर जाड नवं रबर बसवलं तर दरवाजाच लागणार नाही, किंवा लागताना काचेची कड रबराला आत दुमडेल आणि पहिल्याच आठवड्यात नवं रबर कापलं जाईल. आधी फक्त एवढंच बघा की काच हातात डुगडुगते का. आतले सरकणारे प्लास्टिकचे तुकडे तुटलेले असतील किंवा बोल्ट ढिले असतील तर ते करून घ्या. बाकी बारीक सेटिंग नवं रबर बसल्यावर, आणि तेही लगेच नाही. हूड लावून, काचा वर करून, दरवाजे बंद ठेवून गाडी काही दिवस उभी राहू द्या, उन्हात असेल तर अजून बरं, रबर स्वतःची जागा घेतं. मग सेटिंग करा, नाहीतर तेच काम दोनदा.

आता सेटिंगचा क्रम. हूड आधी नीट ओढून लॉक झालं पाहिजे, त्याच्या हुकांची लांबी कमीजास्त करता येते. गाडी बराच काळ हूड दुमडून ठेवलेली असेल तर कापड आखडतं आणि दांड्या पूर्ण पुढे येतच नाहीत, मग खिडकीच्या मागच्या कोपऱ्यात फट पडते आणि लोक रबराला दोष देतात. हूड बसलं की काच पुढेमागे, मग उंची, आणि सगळ्यात शेवटी झुकाव. वरची कड रबराच्या ओठाच्या आत गेली पाहिजे, नुसती खालून टेकली तर पाणी येणारच. तपासायला कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरून दरवाजा लावा आणि ओढून बघा, सगळीकडे सारखा अडकून आला पाहिजे. जिथे सुळकन निघतो तिथे फट आहे. काचेच्या कडेला खडू फासून दरवाजा लावला तर रबरावर रेघ उठते, ती कुठे तुटते तेही बघा.

दुसऱ्या कंपनीचं की ओरिजिनल, तर माझं स्पष्ट मत, कोपरे आणि टोकं जिथे साच्यात घडवलेली असतात ते तुकडे ओरिजिनल घ्या. सरळ लांब पट्टी चांगल्या कुठल्याही कंपनीची चालेल. स्वस्तातलं रबर बरेचदा जास्त टणक असतं, दिसायला हुबेहूब, पण दाबलंच जात नाही. माझदाने २०१७ मध्ये ह्याच पिढीच्या गाड्यांसाठी जपानमध्ये रिस्टोरेशनची योजना जाहीर केली आणि काही बंद झालेले पार्ट परत बनवायला घेतले, त्यामुळे पार्ट नंबर टाकून एकदा विचारून बघायला हरकत नाही, मिळत नाही असं गृहीत धरू नका.

गॅरेजचा_कोपरा

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय, मी फक्त बसवण्याबद्दल लिहितो कारण माल चांगला असूनही तिथेच बिघडतं.

दरवाजाचं पॅड काढायचंच. काच पूर्ण खाली घ्या, हँडलमागचा स्क्रू, हात धरायच्या जागेचे स्क्रू, मग कडेच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचला, स्क्रूड्रायव्हरने नाही. आत प्लास्टिकचा पडदा चिकट काळ्या डांबरासारख्या पट्टीने लावलेला असतो, तो फाडू नका. दरवाजाच्या आत पाणी जाणं हे नॉर्मल आहे, बाहेरची पट्टी काचेवरचं पाणी पुसते पण सगळं कधीच अडवत नाही, उरलेलं आत जाऊन खालच्या भोकांतून निघतं. तो पडदा तेच पाणी पॅडकडे येऊ देत नाही. लोक स्पीकर बदलताना पडदा फाडतात आणि मग पायाखालचं कार्पेट का भिजतं म्हणून खिडकीचं रबर बदलत बसतात. खालची भोकंही मोकळी करून घ्या.

जुनी पट्टी काढली की चॅनल, म्हणजे ती बसते ती खाच, बघा. गंज असेल तर तो पूर्ण घासून, प्राइमर आणि रंग मारून, नीट वाळू द्या. गंजावर रबर बसवलं तर ते पाणी धरून ठेवतं आणि काम दुप्पट वेगाने बिघडतं, ह्या एका गोष्टीसाठी सगळं काम आठवडाभर थांबलं तरी थांबू द्या. जुना गोंद पेट्रोलने काढू नका, मिनरल स्पिरिट घ्या आणि आधी न दिसणाऱ्या जागी रंगावर लावून बघा.

पट्टी ओढून बसवायची नाही. ताणून बसवली की दिसते छान, पण ती हळूहळू आखडते आणि टोकाला फट उघडते. उलट थोडी दाबत दाबत बसवायची, आधी दोन्ही टोकं आणि कोपरे, मग मधला भाग. कापून घ्यायची पट्टी असेल तर तीनचार मिलिमीटर जास्तच ठेवा. पोकळ रबराला बारीक भोकं दिसतील, ती हवा बाहेर जायला असतात, गोंदाने बुजवू नका, नाहीतर दरवाजा लावताना रबर फुग्यासारखं अडतं.

गोंद फक्त तिथेच जिथे कंपनीने लावला होता, बाकी रबर चॅनलमध्येच धरलं जातं. वेदरस्ट्रिपचा काळा कॉन्टॅक्ट गोंद घ्या, दोन्ही बाजूंना पातळ थर, थोडा चिकट होऊ द्या, मग दाबा. रंगावर आधी मास्किंग टेप लावा, तो काळा डाग सहज जात नाही. बाथरूमला वापरतात ते आंबट वासाचं सिलिकॉन अजिबात नको, ते वाळताना ॲसिड सोडतं आणि पत्रा खातं.

उघडं_छप्पर

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. भोकं बघितली, डावीकडचं पूर्ण मातीने भरलं होतं, मोकळं केल्यावर काळं पाणी किती वेळ येत होतं. उजवीकडचं ठीक आहे. मग पाइपची टेस्ट केली. दरवाजाच्या कडेला कोरडं, पुढच्या खांबापाशी कोरडं, पण ड्रायव्हरच्या काचेच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात थेंब येतात, आणि कागद तिथे सुळकन निघतो. प्रवाशाच्या बाजूला कागद सगळीकडे अडकतो. मग सगळा सेट घ्यायचा की नाही?

रबराची_माया

बाहेरच्या काचेलगतच्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या घ्याच, त्या काच ओरखडतायत, आणि काच ओरखडली की परत नीट होत नाही. हूडच्या दांड्यांवरचं रबरही दोन्हीकडचं घ्या, एकीकडे नवं आणि एकीकडे चपटं असलं तर हूड तिरकं ओढलं जातं. पुढच्या खांबाचं आणि वरच्या आडव्या पट्टीचं मऊ असेल आणि तिथे कोरडं असेल तर राहू द्या, उगाच काढताना फाटेल. डावं उजवं वेगळं असतं, काढतानाच टेप लावून लिहून ठेवा आणि फोटो काढा, आणि नवं हातात येऊन जुन्याशेजारी ठेवून मापून झाल्याशिवाय जुनं काढू नका.

गॅरेजचा_कोपरा

ह्यात एकच भर. नवं बसल्यावर त्याला व्हॅसलीन किंवा ऑइल लावू नका, हल्लीचं बीडिंग बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं, ते ऊन आणि ओझोन छान सोसतं पण पेट्रोलियमच्या तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस, तेही फडक्यावर घेऊन पातळ हात. स्प्रे मारू नका, उडून रंगावर बसला तर पुढे कधी गाडी रंगवताना रंगात खड्डे पडतात. काच जिथे सरकते त्या फेल्टच्या चॅनलला ग्रीस नको, तिथे धूळ चिकटून परत ओरखडे. तो फक्त ब्रशने साफ करा, आणि केस झिजून खालचं रबर दिसत असेल तर ह्याच ऑर्डरमध्ये तोही मागवा, पॅड उघडलेलंच आहे.