मदत हवी आहे: लेकीला एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१, अंगावर डाग आणि नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार) आहे, दुसऱ्या बाळाआधी आमची तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी,

लेक साडेतीन वर्षांची आहे. अंगावर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे डाग तान्ही असल्यापासून आहेत, आम्ही जन्मखुणा समजत होतो. मागे न्हाऊ घालताना काखेतही बारीक ठिपके दिसले, तेव्हा भाच्याच्या कंपासमधली पट्टी घेऊन मोजायलाच बसले. ५ मिलिमीटरहून मोठे ११ डाग निघाले. सहा असले तरी डॉक्टर एनएफ-१चा संशय घेतात. जनुकीय चाचणीत तेच नक्की झालं.

मला कळलंय ते असं. १७व्या गुणसूत्रावरच्या एनएफ-१ जनुकापासून न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन बनतं. पेशीला वाढायचा निरोप देणारं रास नावाचं दुसरं प्रथिन चालू झालं, की ते बंद करायचं काम याचं. टाकी भरली की कुणीतरी मोटार बंद करावी लागते ना, तसं. लेकीच्या पेशींत या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे, दुसरी चांगली. नसेभोवतीच्या एखाद्या पेशीत ती चांगलीही बिघडली, तर मोटार चालूच राहते आणि तिथे गाठ होते. माझं चुकत असेल तर सांगा.

साधारण निम्म्या रुग्णांत हा बदल आई-वडिलांकडून आलेला नसतो, नव्यानेच झालेला असतो. आम्हा दोघांच्या अंगावर डाग नाहीत, बुबुळांवर गाठीही नाहीत. तरी रक्त तपासून घ्यावं का? अहवाल चांगला आला तरी बीजांडात किंवा शुक्राणूंत बदल लपलेला असू शकतो, असं वाचल्यापासून झोप लागत नाही. जनुकीय समुपदेशनाला कुणी गेलंय का? तिथे काय काय विचारलंत?

दृष्टीच्या नसेवर गाठ होऊ शकते म्हणून दरवर्षी डोळे तपासायचेत. खुर्चीत बसवलं की ती रडून आकांत करते. तुम्ही लहान मुलांना कसं तयार करता?

आणखी एक. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव आहे, पण "पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाहीस" हे त्या अजून म्हणतात. परवा लेक आरशासमोर पोटावरच्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "आई, हे ग्रहणाचं?" दोघींनाही कळेल असं काय सांगू?