मदत हवी आहे: जुन्या वास्तूंची यादी कशी करावी?

नमस्कार मंडळी. वस्ती झपाट्याने वाढतेय, म्हणून आम्ही काही जणांनी मिळून वारसा समिती केली. यादी करायला बसलो आणि पहिल्याच बैठकीत अडलो. नुसतं वय बघून वास्तू निवडायची, की कारागिरी आणि लोकांच्या आठवणीही धरायच्या?

दुसरं, एका मालकाने चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलाय. ओल आत कोंडून विटा भुसभुशीत होतायत. तो सगळा एकदम काढावा की टप्प्याटप्प्याने?

१९६४ च्या व्हेनिस सनदेत (जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) वास्तू समाजोपयोगी वापरात ठेवावी असं म्हटलंय. पटतं. पण पाडायला निघालेल्या मालकाला ते कसं पटवायचं? ('वारसा' म्हटलं की आधी कपाळावर आठ्या!) अनुभव असेल तर जरूर सांगा.