'फरदड घेऊ नका' म्हणे! गरिबीचं चक्र नेमकं कुठे तोडायचं?

धुऱ्यावरचा (राळेगाव)

डिसेंबर लागला की कृषी खात्याचं पत्रक येतं: फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी उपटा, वावर मोकळं करा. शास्त्र बरोबर आहे. गुलाबी बोंडअळीला जगायला मुख्यतः कपाशीच लागते. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली, नवी बोंडं धरली, की तिच्या पुढच्या पिढीची सोय होते आणि ती पुढच्या पेरणीपर्यंत तग धरते. 2017 चा हंगाम आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. अळीनं बोंडं पोखरली ती पोखरली, वरून त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले. एवढं होऊनही फेब्रुवारीत कळंबच्या रस्त्यानं जा, पऱ्हाटी उभी दिसते.

शेतकऱ्याला समजत नाही म्हणून? मला नाही पटत. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस कृषी केंद्राच्या, म्हणजे बी-खत-औषधाच्या दुकानाच्या, उधारीत जातो. सोयाबीनचा पैसा दिवाळी आणि मजुरीत संपतो. खऱ्या अर्थानं हातात पडणारा पैसा फरदडीचा. पऱ्हाटी काढून हरभरा घ्यावा म्हटलं तर ओलित पाहिजे. ओलिताची वीज एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्री मोटर सुरू करायला जायचं तर रानडुकरांचं भ्या. आणि एवढं करून हरभरा उगवला की रोह्यांचा (नीलगायींचा) कळप एका रात्रीत चाटून जातो. मग माणूस म्हणतो, राहू दे पऱ्हाटीच.

म्हणजे ज्याच्या त्याच्या वावरापुरता निर्णय शहाणपणाचा आणि सगळ्या शिवारासाठी घातक. पुढच्या वर्षी अळी वाढते, फवारे वाढतात, उधारी वाढते, पहिली वेचणी पुन्हा दुकानात जाते, फरदड पुन्हा उभी राहते. या चक्राच्या एकेका कडीला एकेक खातं आहे. अळीला कृषी, विजेला वीज कंपनी, डुकराच्या नुकसानीला वन, कर्जाला बँक. अख्खं चक्र कोणाच्याच टेबलावर नाही.

सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात ते एवढंच: कड्या सुट्या पाहायच्या नाहीत, एकीचा परिणाम दुसरीचं कारण कसा होतो ते पाहायचं. डोनेला मेडोज या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1999 मध्ये मांडलं होतं की अनुदानाचा, कराचा आकडा कमी-जास्त करणं हा सगळ्यात दुबळा हस्तक्षेप. माहिती कोणाकडे पोचते, नियम कोण करतं, व्यवस्थेचा उद्देश काय, इथे हात घातला तर फरक पडतो. आपल्याकडे सगळी भांडणं आकड्यांवर. 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफीला 2 हेक्टरची मर्यादा होती. ओलिताचे 2 हेक्टर आणि आपल्या कोरडवाहूचे 2 हेक्टर एकच मोजले, आणि सहा-आठ एकरवाला कोरडवाहू शेतकरी पूर्ण माफीच्या बाहेर राहिला.

माझं स्पष्ट मत: बोंडअळीचा उपाय औषधाच्या बाटलीत कमी आणि दिवसाच्या विजेत न् कुंपणात जास्त आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

पांढरं सोनं

भाऊ, लिहिलं छान, पण यात एक मोठी सोय आहे. चक्र काढलं की दोषी कोणीच उरत नाही. शेतकरी कडी, अळी कडी, सावकारही कडीच. सगळे गोल फिरतात आणि बियाणं कंपनी, आयातदार, दिल्लीतला वाणिज्य विभाग चित्राबाहेर मजेत.

2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आपला कापूस घरात यायला लागतो नेमक्या त्याच महिन्यांत. याला काय फीडबॅक लूप, आपोआप फिरणारं चक्र, म्हणायचं? हा निर्णय आहे, कोणीतरी सही करून घेतलेला. माझ्या राळेगावच्या भावाच्या वावरात दिवसाची वीज आली, कुंपण झालं, हरभरा झाला, तरी कापसाचा भाव तिकडेच ठरणार.

एम्प्रेस मिल 1877 मध्ये नागपुरात सुरू झाली ती इथे कापूस होता म्हणूनच ना? 2002 मध्ये बंद पडली. आता गाठी बांधून बाहेर पाठवायच्या आणि सदऱ्याचं कापड बाहेरून आणायचं. गरिबीचं कारण शोधायला आकृती लागत नाही, सातबारा आणि सौदापट्टी (माल विकल्याची पावती) शेजारी ठेवली की दिसतं.

धुऱ्यावरचा

आयात शुल्काशी मी सहमत आहे, तो निर्णय वाईटच. पण भाव 10,000 झाला तरी फरदड थांबेल का? उलट वाढेल. फरदडीच्या क्विंटलला जास्त पैसे मिळाले तर कोण पऱ्हाटी उपटेल? भाववाढीचा पैसा पुढच्या वर्षीच्या अळीनं खाल्ला तर? भाव पाहिजेच, पण नुसता भाव पुरत नाही, एवढंच म्हणणं आहे.

गटसचिव काका (सेवानिवृत्त, वर्धा)

मी पीककर्ज देणाऱ्या सोसायटीत आयुष्य घालवलं, म्हणून कर्जाच्या कडीबद्दल बोलतो.

माफी जाहीर होणार अशी कुणकुण लागली की वसुली थांबते. नियमित भरणारा म्हणतो, मीच का भरू? माफी होते, थकीतवाला सुटतो, भरणारा चुकचुकतो आणि पुढच्या खेपेस तोही थांबतो. वसुली नाही म्हणून जिल्हा बँक आटते. आमच्याकडे नागपूर, वर्धा, बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळेना अशी पाळी आली होती. त्याला इतर कारणंही होती, कारभाराची, पण वसुली हे एक होतंच. बँक आटली की पीककर्ज नाही, मग माणूस जातो कुठे? कृषी केंद्रात. नाहीतर सावकाराकडे, ज्याचं कर्ज बँकांच्या कर्जमाफीत येत नाही. म्हणजे कर्जमाफीनं सावकाराला गिऱ्हाईक मिळवून दिलं. कोणी ठरवून केलं नाही. तरी झालं.

पांढरं सोनं यांना सांगतो, दोषी शोधा, जरूर शोधा. पण दोषी नसतानाही नुकसान होतं, हे मी वसुलीच्या रजिस्टरात पाहिलं आहे.

धुऱ्यावरचा यांनाही एक टोमणा. हे विचार अमेरिकेतून आणायची गरज नव्हती. आमच्या वर्ध्यात 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा बसून हेच सांगत होते, की गावातला कच्चा माल बाहेर जातो, पक्का होऊन परत येतो आणि मधला सगळा रोजगार बाहेरच राहतो. ऐकलं कोणी?

आणि तारण योजना? पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990 पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, भाव आला की विका. कागदावर सुंदर. पण ज्याच्या मालावर दुकानदाराचा डोळा आहे तो गोदामापर्यंत पोचतच नाही. कापसाचं तर विचारूच नका. घरात गंजी लावून ठेवला की लेकराबाळांना खाज सुटते, म्हणून पडत्या भावात काढून टाकतात.

वेचाईवाली

सगळं वाचलं जी. तुमच्या चित्रात आमी कुठं हावो?

फरदड बंद करा म्हनता. फेब्रुवारीत गावात दुसरं काम नाई. सोयाबीन निंगून गेलं, तूर झाली. फरदड असली त वेचाई असते, किलोमागे पैसे भेटतात. बोंड बारीक, कापूस कमी निंगते, दिवसभरात हात काळे होतात, पन तेल-मिठाचे होतात. पऱ्हाटी उपटली की वावरवाल्याचा हरभरा होईन, मान्य. हरभऱ्याले मानसं किती लागतात? चार दिवसाची सोंगनी. न आता त हार्वेस्टरच येते.

न फवारनीनं मेले त्यायच्यात रोजीवर फवारा मारनारे होते, ते तुमी लिवलं. त्यायच्या घरी सातबारा नाई. सातबारा नाई त किसानचे 6,000 नाई, पीकविमा नाई, माफी नाई. ज्याच्या नावानं वावर हाय तो गरीब, न आमी त्याच्याइथं कामाले जातो. आमच्यावर कोन्तं चक्र काढता?

धुऱ्यावरचा

ताई, तुमचा मुद्दा अगदी बरोबर ठिकाणी लागला. कड्या मोजताना मी वावराच्या मालकापासून सुरुवात केली, त्यामुळे फरदड म्हणजे नुसता शेतकऱ्याचा पैसा दिसला. तो मजुरीचाही आहे. पण मग उत्तर असं दिसतं, की पऱ्हाटी उपटण्याची आणि बांधबंदिस्तीची कामं जानेवारी-फेब्रुवारीत रोजगार हमीतून निघाली पाहिजेत. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रानंच ही योजना उभी केली, शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून गावातली मजुरी द्यायची सोय केली. एका ठिकाणचा पैसा दुसऱ्या ठिकाणच्या गरजेला जोडला, सिस्टिमचा विचार म्हणजे आणखी काय?

वेचाईवाली

रोहयोचं काम मांगावं लागते भाऊ. मांगलं की रोजगार सेवक म्हनते मंजूर नाई. मंजूर झालं त पैसा खात्यात कवा येईन सांगता येत नाई. वेचाईचा पैसा आठवडी बाजाराच्या दिवशी हातात भेटते. ज्याच्या घरी आज पीठ नाई त्याले पंधरा दिसानंचा जास्त पैसा काय कामाचा?

संत्राबर्फी

मी पुण्यात डेटावर काम करतो, मूळचा वरूडचा. एवढा गुंता कशाला? रोख द्या. लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 जुलै 2024 पासून येतात, मधे कोणी दुकानदार नाही, कोणी गटसचिव नाही. गरिबाला काय पाहिजे ते गरिबालाच कळतं. तुमचं चक्र समजून घेईपर्यंत एक पिढी जाईल.

गटसचिव काका

बाळा, गटसचिवाला नावं ठेवलीस, चालेल. पण 1,500 नं हरभऱ्याला कुंपण होत नाही, न रात्रीची वीज दिवसा होत नाही. आणि ताईंच्या गावात ते पैसे कुठे जातात ते विचार, बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात जातात का. रोख वाईट नाही. पण चार बायका एकत्र येऊन रस्ता मागतील, ते रोखीनं होत नाही.

वैनगंगा (धानोरा तालुका)

गडचिरोलीतून लिहितो. इथल्या मेंढा लेखा गावाचं उदाहरण कोणी दिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. तोवर बांबू गावचा आणि परवाना खात्याचा. पास हाती येताच गावानं स्वतः भाव लावून बांबू विकला आणि तोडणीची मजुरी गावातच राहिली.

यात मला दोन गोष्टी दिसतात. एक, बदलला तो नियम, आकडा नाही. इथे धुऱ्यावरचा बरोबर. दुसरी, नियम बदलला तो कोणाच्या आकृतीमुळे नाही. आधी कितीतरी वर्षं गावात अभ्यास गट बसत होते आणि निर्णय सर्वसहमतीनं होत होता. एकाचाही विरोध असला की थांबायचं, पुन्हा बोलायचं. कंटाळवाणं काम आहे, सांगतो. पण वेचाईवाली ताईंचं म्हणणं तिथे पहिल्याच बैठकीत पुढे आलं असतं.

मात्र पूर्वेकडचं पश्चिमेला जसंच्या तसं लागू होईल असं म्हणत नाही. आमच्याकडे जंगल सामाईक आहे. तुमच्याकडे वावरं खाजगी, आणि ज्याला वावर नाही त्याला ग्रामसभेत बोलायची हिंमत किती, हे तुम्हीच जाणता.

पांढरं सोनं

वैनगंगा यांनी माझंच म्हणणं मांडलं, फक्त सौम्य शब्दांत. मेंढ्यात हक्क हातात आला, म्हणून चक्र तुटलं.

सिस्टिमवाल्यांबद्दल माझी तक्रार जुनी आहे. या पद्धतीचे जनक मानले जाणारे अमेरिकन प्राध्यापक जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी 1969 मध्ये शहराचं संगणकीय मॉडेल केलं आणि निष्कर्ष काढला की गरिबांसाठी स्वस्त घरं बांधणं शहराच्याच तोट्याचं. टीका झाली, कारण मॉडेल शहराच्या हद्दीशी थांबत होतं, आसपासची उपनगरं त्यात नव्हती. सीमारेषा कुठे मारायची हे जो ठरवतो, तो निकालही ठरवतो. इथे धुऱ्यावरचा यांनी रेषा वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) मारली, ताईंनी ती मजुराच्या उंबरठ्यापर्यंत ओढली, मी दिल्लीपर्यंत ओढतो. कोणाची रेषा खरी?

धुऱ्यावरचा

तिन्ही खऱ्या. भांडण त्यावर नाहीच माझं. दिल्लीवर मोर्चा काढा, मी येतो. पण मोर्च्याहून परतल्यावर जानेवारीत पऱ्हाटीचं काय करायचं, याचं उत्तर दिल्लीत मिळणार नाही.

म्हणून एक ठोस सूचना. आमच्या शिवारात पुढच्या हंगामात एका नाल्याच्या काठची लागून असलेली वावरं धरायची. सगळ्यांनी एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढायची, एकट्यादुकट्यानं काढून अळीला फरक पडत नाही. फीडर (शिवाराला वीज देणारी वाहिनी) सौर योजनेत टाकून दिवसाची वीज मागायची. झटका मशीनचं कुंपण सामाईक. आणि उपटाईची मजुरी रोहयोची वाट न पाहता वावरवाल्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी रोख द्यायची.

वेचाईवाली

उपटाई किती दिसाची? आठ दिस. फरदडीची वेचाई महिना-दीड महिना चालते. बाकीच्या दिसाचं सांगा.

गटसचिव काका

बरोबर विचारलं बाई. मी तर म्हणतो हरभऱ्यासोबत थोडा भाजीपाला टाका, तोडणीला रोज माणसं लागतात. पण वांगी न टमाटे विकायला रोज बाजार पाहिजे, आणि राळेगावात तो नाही. आणि झटक्याच्या तारेवर गवत चढलं की करंट उतरतो, तार रोज फिरून पाहावी लागते. ते कोण करणार, हे आधी ठरवा. आमच्या भागात एका गावानं कुंपण केलं होतं, दुसऱ्या वर्षी बॅटरी ठेवायची कोणाच्या घरी यावरून दोन पार्ट्या झाल्या.

वेचाईवाली

ते तार पाहाचं काम आमाले द्या. महिन्याचे पैसे ठरवा, न आधी सांगा कोन देईन.