चिकन कॅसरोल: रस्सा पाणचट, चिकनचा चोथा. मदत हवी आहे

मंडळी, ओव्हनमध्ये मंद आचेवर चिकन कॅसरोल करते, पण ते मनासारखं काही होत नाहीये.

माझी पद्धत अशी: बोनलेस ब्रेस्टचे मोठे तुकडे, कांदा, लसूण, गाजर, बटाट्याच्या मोठ्या फोडी, टोमॅटो, तमालपत्र, थाइम. कांदा-लसूण परतते, मग सगळं एकदम जाड बुडाच्या भांड्यात, वर चिकन बुडेल इतका स्टॉक. झाकण लावून १६० अंश सेल्सिअसला दोन तास. मध्ये उघडत नाही.

वास छान सुटतो. पण झाकण काढलं की चवीचं पाणीच दिसतं, चमच्यावर थांबत नाही. चिकनचे धागे सुटलेले, चावताना चोथा. बटाटा मात्र मध्ये कचकचीत! चिकन रश्श्यात बुडालेलं असूनही कोरडं का पडतं, हे तर मला अजिबात उमगत नाही. वेळ वाढवू की कमी करू? लेगपीस वापरायचे तर हाडाजवळ गुलाबी दिसलं की ते कच्चं समजायचं का?

प्रतिसाद १

आधी ब्रेस्ट बदला. त्यात चरबी कमी आणि कोलॅजनही (मांसाचे धागे बांधून ठेवणारं प्रथिन) कमी. आतलं तापमान ७४ अंशांवर गेलं की ते शिजलं, त्यापुढे नुसतं पाणी सोडत राहतं. भोवती कितीही रस्सा असला तरी आवळलेल्या मांसात तो परत मुरत नाही. म्हणून ते बुडूनही कोरडं.

हाडासकट मांडीचे तुकडे घ्या. त्यात कोलॅजन भरपूर असतं, ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. त्यामुळे आतलं तापमान ८५ अंशांपर्यंत गेलं तरी मांस रसाळ लागतं, शिवाय रश्श्यालाही अंग येतं. तुमचं १६० अंश ठीक आहे, दीड तासानंतर बघा.

परतणं टाळू नका. तुकडे कागदाने टिपून कोरडे करा, कारण पृष्ठभाग ओला असेल तर सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. गर्दी न करता दोन घाण्यांत परता. मग त्याच भांड्यात कांदा, दोन मोठे चमचे मैदा मिनिटभर, थोडा स्टॉक, आणि तळाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. तो तपकिरी थर रश्श्यात उतरला की चव एकदम बदलते, मला तर कॅसरोलमध्ये हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते.

स्टॉक चिकनच्या निम्म्या उंचीपर्यंतच. झाकणाखाली वाफ परत खाली पडते आणि भाज्यांनाही पाणी सुटतं. शेवटची २५-३० मिनिटं झाकण काढून ठेवा.

बटाटा न शिजण्यात टोमॅटोचाही हात आहे, आंबटपणात भाज्या लवकर मऊ होत नाहीत. फोडी लहान करा, तळाला लावा, टोमॅटो तासाभराने घाला.

गुलाबी रंगावर जाऊ नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग पूर्ण शिजल्यावरही बाहेर येतो. थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता घाला. तिथे किमान ७४ अंश हवेत.

धागाकर्ती

खूप आभार! तळाचं खरवडायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. हेच स्लो कुकरमध्ये करायचं असेल तर? चिकन फ्रीझरमधून थेट घातलं तर चालेल का? आणि राजमा घालायची इच्छा आहे.

प्रतिसाद २

थेट अजिबात नको. स्लो कुकर हळू तापतो, गोठलेलं चिकन ५ ते ६० अंशांच्या मधे फार वेळ राहतं आणि जंतू तिथेच वाढतात. आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा.

राजम्याबद्दल तर कळकळीने सांगतो: कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये कधीही घालू नका. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही, पोट भयंकर बिघडतं. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा आणि पूर्ण शिजवूनच घाला.

स्लो कुकरमध्ये रस्सा आटत नाही, तेव्हा स्टॉक आणखी कमी घ्या. तरी पातळ राहिलाच तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून शेवटी घाला आणि रस्सा उकळू द्या. मीठही तेव्हाच चाखून बघा, स्टॉकमध्ये बरंच असतं.