स्वॅपला जागा देऊनही हायबरनेटनंतर लॅपटॉप कोराच सुरू होतो, त्याबद्दल
हायबरनेट म्हणजे रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, लिहून लॅपटॉप पूर्ण बंद करणं. त्यासाठी लिनक्सवर ४ जीबी रॅमला २ जीबी स्वॅप पुरेल का, असं एकाने विचारलंय. कधी पुरेल, कधी नाही. लिनक्स तेव्हा रॅममधला डेटा दाबून लहान करतं खरं, पण ब्राउझरचे ढीगभर टॅब उघडे असले की जागा कमी पडते. सरळ रॅमपेक्षा थोडी जास्तच ठेवा. झेडरॅम (डेटा दाबून ठेवणारा स्वॅपचा एक प्रकार) मात्र इथे कामाचं नाही. ते रॅममध्येच असतं, वीज गेली की सगळं गेलं.

तरीही लॅपटॉप कोरा सुरू होत असेल, तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) ‘रिझ्यूम’ या सेटिंगपुढे स्वॅप पार्टिशनचा (डिस्कच्या वेगळ्या भागाचा) यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, आहे का ते बघा. पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल असेल तर ऑफसेटही (फाइल डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा) लागतो, आणि फाइल नव्याने बनवली की तो बदलू शकतो. मग ग्रब आणि इनिटरॅमएफएस (लिनक्स सुरू होताना आधी लोड होणारी छोटी फाइलसिस्टम) दोन्ही अपडेट करा. जुन्या डिस्कवर मी तरी वेगळं पार्टिशनच करेन, ऑफसेटची भानगडच नको.