मदत हवी आहे: वायरगार्ड की ओपनव्हीपीएन?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड बसवलंय, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं व्हीपीएन; ओपनव्हीपीएनही त्याच कामाचं. आईबाबांचे फोटो, घराची कागदपत्रं सगळं तिथेच. मोबाइल डेटावर झटक्यात जोडतं, हॉस्टेलच्या वायफायवर मात्र हँडशेकच (जोडणीची सुरुवातीची ओळखपाळख) होत नाही. वायरगार्ड फक्त यूडीपीवर (पोच न मागता डेटा पाठवायची पद्धत) चालतं, आणि माझा पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) नेहमीचाच, ५१८२०. तोच अडवला असावा.

ओपनव्हीपीएन टीसीपीवर (हरवलेला डेटा पुन्हा पाठवणारी पद्धत), सुरक्षित वेबसाइटच्या नेहमीच्या पोर्ट ४४३ वर लावलं तर लगेच जोडलं, पण फाइल उतरवताना फार रखडतं. टीसीपीच्या आत टीसीपी गेलं की हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) दोन्ही थर पुन्हा पाठवू बघतात, त्याचाच हा त्रास वाटतो. आयकेईव्ही२ हा आणखी एक व्हीपीएन पर्यायसुद्धा यूडीपीच, पोर्ट ५०० आणि ४५००, म्हणजे तोही अडू शकतो.

वायरगार्डच यूडीपी ४४३ वर हलवून बघू, की दोन्ही व्हीपीएन एकाच रास्पबेरी पायवर ठेवू? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.