'सेट' या एका शब्दाचे इतके अर्थ! भाचीला कसं शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
माझी भाची भोरजवळच्या गावातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला आणि जूनपासून पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात लागलीय, राहते आमच्याकडेच कर्वेनगरला. कामाला अगदी चोख आहे पोरगी, पण डॉक्टर लोक भराभर इंग्रजीत बोलायला लागले की गांगरते.

मागच्या आठवड्यात प्लॅस्टर रूममध्ये एका आजोबांच्या पायाला प्लॅस्टर घातलं, सर हात धुवायला वळले आणि तिकडूनच विचारलं, "हॅज इट सेट?" हिने सांगितलं, "येस सर, सेट." आता आपण रोज म्हणतोच की, सगळं सेट आहे, म्हणजे तयारी झाली, जमलं, तिने तोच अर्थ घेतला. वॉर्डबॉयने पाय उचलला तर प्लॅस्टर अजून ओलंच होतं, टाचेपाशी त्याची बोटं रुतली आणि अंगठ्याएवढा खड्डा पडला. असा खड्डा आतून टोचून जखम करतो म्हणे, म्हणून ते सगळं काढून नवीन घालावं लागलं. आजोबांना तो त्रास परत, आणि हिने सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. त्या रात्री जेवली नाही. मला फार वाईट वाटलं, कारण चूक आळसाने झालेली नव्हती, एका तीन अक्षरी शब्दाने झाली होती.

तेव्हापासून तिने एक वही केलीय. ड्युटीवर जिथे जिथे 'सेट' ऐकू येतं ते लिहून आणते. एका दिवसात एवढं जमलं: सिस्टर म्हणाल्या आयव्ही सेट (सलाईन लावायची नळी वगैरे) आण, सर म्हणाले बोन नीट सेट झालंय, मॉनिटरचा अलार्म सेट कर, ड्रेसिंगचा सेट उघड, आणि एका पेशंटबद्दल इन्फेक्शन सेट इन झालं. मग मीच जरा शोधलं तर कळलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिलेत, आणि पुढे 'रन' हा शब्द ६४५ अर्थ घेऊन त्याच्याही पुढे गेला! हे तिला सांगितलंच नाही मी. आता ती वही घेऊन पाठांतराला बसलीय. पाठ करून होईल का हे? का याला काही मूळ आहे, जे धरलं की बाकीचं आपोआप उलगडेल? कुणी शिकवत असाल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, पाठांतर आधी थांबवा. मी वीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवतोय, सुटा शब्द पाठ केलेला कधीच टिकत नाही, जोडीने टिकतो. बोन सेट, अलार्म सेट, टेबल सेट, पेपर सेट अशी जोडी लिहायला सांगा आणि शेजारी त्या जागी मराठीत काय येतं ते. हाड बसवणं, गजर लावणं, पानं मांडणं, पेपर काढणं. चार ठिकाणी आपली चार वेगवेगळी क्रियापदं आली, बघा.
आणि भाचीला धीर यावा म्हणून तिला आपलं 'लागणे' घेऊन बसवा. भूक लागली, ठेच लागली, धाप लागली, डोळा लागला, नोकरी लागली, तो माझा मामा लागतो. परक्या माणसाने हे शिकायचं म्हटलं तर त्याच्याही डोळ्याला पाणी येईल, आणि हे सगळं तिला कुणीही न शिकवता येतं.

प्रतिसाद:
मूळ आहे ना, आणि फार सुंदर आहे. 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. आपण जसं बसणेचं बसवणे करतो तसंच जुन्या इंग्रजीत झालं. (संसद, सदन, उपनिषद यातला 'सद्' धातूही त्याच कुळातला.) म्हणून अंगठीत खडा सेट करतात, हाड सेट करतात. 'संच' या अर्थाचा सेट मात्र वेगळ्या घरचा, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. आयव्ही सेट, ड्रेसिंग सेट, चहाचा सेट आणि नववीच्या गणितात पहिलाच धडा असतो तो संच, हे सगळे तिकडचे. वहीत दोन रकाने करा, निम्मा गोंधळ तिथेच संपेल.
पण तुमच्या भाचीची चूक जिथे झाली ते तिसरंच आहे. पुढे इंग्रजीत 'सेट' आपोआप घडणाऱ्या गोष्टीलाही वापरायला लागले, त्यामुळे बसणं आणि बसवणं दोन्हीला एकच शब्द झाला, आणि भूतकाळातही रूप बदलत नाही. आपल्याकडे हे वेगळं असतं. रात्री आपण विरजण लावतो, सकाळी दही लागतं. लावणारे आपण, लागतं ते आपलं आपण. "हॅज इट सेट?" म्हणजे 'दही लागलं का?' याच जातीचा प्रश्न. कुणी काही बसवलं का, तयारी झाली का असं सर विचारतच नव्हते. तेव्हा वाक्य ऐकलं की एकच बघायचं, कोण काय करतंय. 'सेट द अलार्म' इथे माणसाने करायचंय, 'प्लॅस्टर हॅज सेट' इथे प्लॅस्टरने स्वतः.

प्रतिसाद:
ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहिते. दह्याचं उदाहरण एकदम बरोबर, लागत असताना हलवलं की दही मोडतं, प्लॅस्टरचंही तेच. तिला सांगा, प्लॅस्टर लागताना हाताला गरम लागतं, ती खूण. काही मिनिटांत ते लागतं, पण पूर्ण वाळायला एकदोन दिवस, कधी तीनही. म्हणजे 'सेट' झालं तरी 'ड्राय' झालेलं नसतं, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नको म्हणावं. आणि ओलं असेपर्यंत पाय तळहातांवर पेलायचा, बोटांनी धरायचा नाही, हे तिच्याबरोबर वॉर्डबॉयलाही माहीत पाहिजे होतं, सगळं खापर तिच्यावर नको.
शिवाय शंका आली की सरांना मराठीत उलट विचारावं, "घट्ट झालं का असं विचारताय ना?" पुण्यात बहुतेक डॉक्टरांना मराठी कळतं, कुणी रागावत नाही. आमच्या वेळी आम्ही सगळ्या तेच करायचो.

प्रतिसाद:
वडील सदाशिव पेठेत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. ते काम मराठीत 'जुळवणं' आणि इंग्रजीत टाईप सेट करणं. वहीत घाला हेही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वहीत दोन रकाने केले, 'बसवणे-लावणे' आणि 'संच'. इन्फेक्शन सेट इन कुठे घालायचं यावर अडलो, मग तीच म्हणाली, मावशी, ते बस्तान बसवणं झालं, पहिल्यात घाल. वहीत पहिल्यांदाच तिने स्वतःहून काहीतरी शोधून लिहिलं.
मग विरजण तिनेच लावलं. थंडीत दही उशिरा लागतं आमच्याकडे. सकाळी सहाला ड्युटीला निघताना झाकण काढून पातेलं किंचित कलतं केलं, कडेला दूध हललं, तर म्हणाली, "नॉट येट. इट हॅजन्ट सेट." आणि झाकण ठेवून गेली.
आता तिने पुढचा शब्द आणलाय, 'डिस्चार्ज'. एका कागदावर पेशंटला घरी सोडलं आणि दुसऱ्या कागदावर जखमेतून पू येतोय, दोन्हीकडे तोच. याचंही असंच काही मूळ असेल तर लिहा, रविवारी तिला सुट्टी आहे.